काळीतला पाया

आमच्या घराला उन्हाळ्यात पाणी पाजावं लागायचं. असं सांगितलं की आजची पोरं हसतात. झाडाला पाणी, ढोराला पाणी हे त्यांना कळतं, घराला कशाला, म्हणतात. मग मला पार मातीपासून सुरुवात करावी लागते. माती म्हटली की माय आठवते, आणि मग माझं सांगणं सरळ राहत नाही.

तर आधी माती. आमच्याकडे गावाच्या दोन जमिनी धरतात. जिच्यावर घरं बसलीत ती पांढरी आणि जिच्यात पीक येतं ती काळी. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंतींची, चुलीच्या राखेची माती. ती ऊन-पावसाला फारशी बधत नाही. काळीचं तसं नाही. आमच्या बोलीत तिला ‘कायी’ म्हणतात. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते आणि तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. माझा एक विळा अशाच भेगेत गेला तो गेलाच, आणि त्यापायी मी बोलणी खाल्ली. म्हणून काळीत कोणी घर बांधत नाही. खोपडी, म्हणजे गवताची झोपडी, टाकतात, मचाण उभारतात, घर नाही. आमच्या घरच्यांनी बांधलं. का बांधलं हे गावाला कधी कळलं नाही. मला माहीत आहे, कारण ते ज्या बोलण्यावरून घडलं तेव्हा मी तिथेच अंगणात भांडी घासत बसले होते.

गावातल्या घरात आम्ही आणि मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, एकत्र राहायचो. मोठीमाय, म्हणजे थोरली काकू, घराची कारभारीण. ती वाईट नव्हती. मला तिनेच न्हाऊ-माखू घातलंय. पण तोंड असं की एकदा सुटलं की सुटलं. माय नवी नवरी होऊन आली त्याच साली माझे आजोबा गेले. पुढे एक बैल बसला तो उठला नाही. माझ्यानंतर मायला दोन मुलगे झाले आणि दोघंही पाळण्यातूनच गेले. एवढं सगळं एका बाईच्या वाट्याला आलेलं. त्या दिवशी कशावरून बोलणं निघालं ते आठवत नाही, बहुतेक दूध उतू गेलं होतं. दुधासारख्या गोष्टीवरून मोठीमाय बोलून गेली, ‘पांढऱ्या पायाची आली अन् घराची रया गेली.’

तो शब्द काय असतो हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या बाईचं पाऊल पडलं की घरात अशुभ होतं, ती पांढऱ्या पायाची. हा शब्द कोणी काढला असेल त्याच्या जिभेला काय म्हणावं, माझा आजही संताप होतो. मायने फक्त खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मोठीमायनेही नंतर तो शब्द कधी काढला नाही. एकदाच बोलली. पण अशी गोष्ट दोनदा बोलावी लागत नाही.

त्या संध्याकाळी बा मळ्यातून आला, जेवायला बसला. बा म्हणजे माझा बाप. नाल्याच्या काठाला आमची काळी जमीन होती, तिथे विहिरीवर मोट चालवून तो वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर काढायचा आणि मंगरूळच्या बाजारात नेऊन विकायचा. अबोल माणूस. मायने त्याच्या ताटात भाकर टाकली आणि म्हणाली,

“मले कायीत घर पाह्यजे.”

बाने वर पाहिलं. “कायीत घर रायत नाई.”

“मंग मी बी पांढरीत रायत नाई.”

एवढंच. काय झालं ते तिने त्याला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. सांगितलं असतं तर भावाभावांत फाटलं असतं आणि तेही तिच्याच पायांवर आलं असतं. बाने समजून घेतलं ते एवढंच, की मळा लांब पडतो, बाईला रोजची ये-जा नको झाली.

मोठेबाबांनी खूप अडवलं. वेगळं निघायला त्यांची ना नव्हती, त्यांचा राग मातीवर होता. काळी चालते, असं ते म्हणत. आज इथे आहे, उद्या इथे राहील याचा नेम नाही. किन्हीराजाकडचा एक गवंडी बोलावला. तो म्हणाला, खाली मुरूम लागला तर घर बसेल. मग पाया खणायला घेतला. खणणारा गडी खांद्यापर्यंत आत गेला, मग डोक्यापर्यंत, मग वरून नुसती टोपली खाली-वर होताना दिसायला लागली, तरी येणारी माती काळीच. मी काठावर बसून बघायचे. मायपण येऊन बघायची. मुरूम लागला का, असं ती रोज विचारायची आणि गवंडी मान हलवायचा. शेवटी त्याने हात टेकले. ‘इले तळच नाई,’ म्हणाला.

मग खोल पायाचा नाद सोडला. खणलेलं बुजवून, ठोकून, वरच रुंद आणि उथळ पाया घेतला. गाड्यांनी मुरूम आणून चोपला, त्यावर काळ्या दगडाचं बुटकं जोतं, आणि भिंती मात्र गावच्या जुन्या गढीच्या मातीच्या, म्हणजे पांढरीच्या. वर टिनाचे पत्रे. गढीच्या मातीची पहिली गाडी आली तेव्हा बा मायला म्हणाला, घे, तुझ्यासाठी पांढरीच आणून टाकली काळीत. त्याने जन्मात केलेली ही एकच गंमत मला आठवते. माय हसली नाही, आणि ती का हसली नाही हे त्याला कळलं नाही.

पहिला पावसाळा, पहिला हिवाळा छान गेला. माय त्या घरात अशी वावरायची की मला ती निराळीच बाई वाटायला लागली. गुणगुणायची. शेणाने सारवलेल्या अंगणात रांगोळी काढायची. फाल्गुन सरला तशी काळी आटायला लागली आणि एक दिवस आतल्या खोलीच्या कोपऱ्यात केसासारखी भेग दिसली. वैशाखात तिच्यात बोट जायला लागलं. जोत्याचे दगड जमिनीपासून सुटले. माय भेगा शेणामातीने भरायची, चार दिवसांनी त्याच शेजारून उघडायच्या. गावात बातमी गेलीच. कोणी तो शब्द काढला नसेलही, पण मायला तो सगळ्यांच्या तोंडात दिसत होता. घर फाटलं तर ते काळीमुळे फाटलं असं तिच्यासाठी कोण म्हणणार? एका भिंतीवर तिचं सगळं येऊन टेकलं होतं.

एक दिवस ती घराभोवती फिरून फिरून पाहत होती. चारी बाजूंनी भेगा, पण न्हाणीचं पाणी जिथे मुरायचं ती भिंत धड होती. आणि दुसरी धड जागा होती ती जिथे आम्ही हरभऱ्याचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भिंतीला लावून रचलं होतं तिथली. मायने बसून कुटारात हात घातला, पार खालच्या मातीपर्यंत. मग मला हाक मारली आणि माझा हात धरून तिथे ठेवला. बाहेर ऊन भाजत होतं आणि कुटाराखालची माती गार, ओलसर होती. एकही चीर नाही.

“पाह्य,” ती म्हणाली, “इथं कायी झोपून हाये.”

त्या दिवसापासून घराचं पांघरूण सुरू झालं. जोत्याला लागून चारी बाजूंनी हातभर रुंदीचं कुटार, वीतभर उंच, त्यावर फाटकी पोती. दिवस कलला की भांड्यांचं, आंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं पाणी ती थोडं थोडं त्यावरून फिरवायची. ओतायची नाही, शिंपायची. जास्त झालं तर माती फुगेल, कमी झालं तर आटेल, असा तिचा हिशेब, आणि तो तिच्या तळहातात होता. रोज एका ठिकाणी पोतं उचलून हात घालून बघायची, तान्ह्या मुलाचं अंग बघतात तसं. मृगाच्या आधी ओलं झालेलं कुटार उकिरड्यावर जायचं आणि त्या जागी ती मुरूम पसरून बाहेरच्या बाजूला उतार करायची. टिनावरून पडलेलं पावसाचं पाणी पायाशी थांबायचं नाही, सरळ वांग्यांच्या वाफ्यात जायचं. कोरडं नको आणि चिंबही नको. जमिनीला ऋतूच कळू द्यायचा नाही, असा तो सगळा खटाटोप होता.

मळ्यावरून जाणारे थट्टा करायचे. घराला बाळंतीण करून ठेवलंय म्हणायचे. बा पण एकदा म्हणाला, बाई, मिरचीला कमी पडतं तेवढं पाणी तू भिंतीला पाजते. पण पुढच्या उन्हाळ्यात भेगा आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. आमचं राज्य बदललं, राजधानीचं नागपूर सुटून मुंबई लागली, तरी आमचं घर जागचं हाललं नाही. मोठीमाय संक्रांतीच्या वाणाला आली होती, तिने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, बरं हाये. माय नंतर कितीतरी वेळ चुलीपाशी बसून होती. तिला ‘बरं’ पुरत नव्हतं. तिला काय पाहिजे होतं ते माझं लग्न ठरलं तेव्हा मला कळलं.

स्थळ रिसोडकडचं. लग्न गावात, थोरल्या घरी व्हावं ही रीत. माय हटून बसली. मांडव मळ्यातच पडेल म्हणाली. मोठेबाबांनी सांगितलं की यंदा विहिरीला पाणी कमी आहे, वऱ्हाड मोठं आहे, उन्हाळ्याचे दिवस आहेत. ते खरंच होतं. पण मायने बाला गळ घातली, आणि बा तिला नाही म्हणायला कधी शिकलाच नव्हता. मला तेल लावताना ती माझ्या डोक्यामागून हळूच बोलली,

“एक शुभकार्य झालं ना या घरात, का मंग कोनी काई म्हनत नाई.”

म्हणजे इतकी वर्षं ती ते घर सांभाळत होती ते त्यासाठी. त्या घराच्या उंबऱ्यावरून एक नवरी हसतखेळत बाहेर पडली की मायचे पाय धुतले जाणार होते. मला तेव्हा रडू आलं, आणि आपण सासरी जाणार म्हणून रडतो आहोत असं मी सगळ्यांना वाटू दिलं.

वऱ्हाड आलं ते गाड्या जुंपून. मळ्यात आंब्याची सावली होती म्हणून गाड्या तिथेच घराभोवती सुटल्या. बैल भुकेले होते, वाटेत त्यांना काही मिळालं नव्हतं. त्यांनी पायाशी पसरलेलं हरभऱ्याचं कुटार पाहिलं आणि पोती बाजूला सारून खायला लागले. ते नव्याने घातलेलं होतं, वरवर कोरडं, सोन्यासारखं. मी हळदीच्या अंगाने दारातून बघत होते. माय हातात परात घेऊन आली, थबकली. नवरदेवाकडचे बैल. त्यांना कोण हाकलणार? वरपक्षाच्या माणसाला जेवणावरून उठवावं तसंच ते झालं असतं. नवरदेवाचा चुलता तर हसून म्हणाला, विहीणबाई, आमच्या बैलांचीही सोय चांगली केली तुम्ही. मायने पदर सावरला आणि म्हणाली, खाऊ द्या. आणि ते खात राहिले. माझ्या मायने सगळ्यांसमोर हसऱ्या तोंडाने आपल्या घराचं पांघरूण बैलांना खाऊ घातलं.

पाण्याचं तेच झालं. मोट दिवसभर चालली आणि सगळं पाणी आंघोळीला, स्वयंपाकाला, बैलांना. वऱ्हाड राहिलं तोवर पायाला थेंब मिळाला नाही, त्यात उघडी जमीन आणि वैशाखाचं ऊन. ज्या भिंतीला टेकून मला हळद लागली, तिच्यावर मायने हळदीचे हात उमटवले. एकाखाली एक, आडवेतिडवे. इतके हात एकाच जागी कशाला, असं एका बाईने विचारलंही. मायने आणखी एक हात उमटवला. मी डोळे पुसत निघाले. निघताना वळून पाहिलं तर माय दारात उभी होती, आणि मी तिला इतकी खूश आधी कधी पाहिली नव्हती.

नागपंचमीला बा मला आणायला आला. गाडीने मंगरूळ मागे टाकल्यावर म्हणाला, “घर हाललं.”

लग्नानंतर मायने पुन्हा कुटार घातलं होतं, पाणी शिंपलं होतं. पण काळी एकदा फाटली की वरवर शिंपून भागत नाही. जोत्यालगत तिला खोल भेगा पडल्या होत्या. माय त्यांत घागर रिकामी करायची, पाणी कुठे जायचं कळायचं नाही. विहीर तळाला गेलेली. मग पाऊस लागला आणि तेच पाणी त्या भेगांतून पायाखाली गेलं. मी घरात पाऊल टाकलं आणि माझी नजर त्या हळदीच्या भिंतीवर गेली. प्रत्येक हात मधून चिरला होता. बोटं एकीकडे, तळवा दुसरीकडे. लग्नाच्याच दिवशी तिथे केसासारखी भेग होती, आणि तिने ती हातांखाली झाकली होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली, जेवून घे आधी.

सणाच्या दुसऱ्या दिवशी झड लागली. आमच्याकडे झड म्हणजे उसंत न घेणारा पाऊस. माय सकाळीच बाहेर पडली आणि भिंतीमागे साचलेल्या पाण्यात उभी राहून ते टोपल्याने उपसायला लागली. बा चर खणत होता, मी मुरूम आणून भेगांत टाकत होते. ती जेवायला आली नाही. पिंढरीपर्यंत चिखल, वरून पाऊस. मी तिला म्हटलं, माय, राहू दे आता. तिने ऐकलंच नाही. ती घराशी बोलत होती. काय ते पावसात कळलं नाही. दिवस कलता कलता भिंतीने बाहेर पोट काढलं. बाने मायला दंडाला धरून ओढलं, अक्षरशः ओढलं, आणि भिंत बसली. मोठा आवाजही झाला नाही. गढीची पांढरी माती काळीच्या पाण्यात पडली आणि विरघळून गेली.

कोणाला खरचटलंही नाही. देवाची कृपा, असं सगळे नंतर मायला म्हणायचे. ती ऐकून घ्यायची. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, पण मळ्यात तिने पुन्हा पाय ठेवला नाही. बाने जोत्याचे दगड काढून विहिरीला लावले आणि त्या जागी वांगी केली. वांगी चांगली यायची म्हणतात. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी मोठेबाबा छकडा घेऊन आले. त्यांनी आमचं सामान चढवलं. ‘मी तुम्हाला सांगितलं होतं’ हे वाक्य त्या माणसाने आयुष्यात एकदाही उच्चारलं नाही, हे मी त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते. गावातल्या घरी पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. मोठीमाय दारात उभी होती. बाहेरून आलेल्याला पायांवर पाणी देतात तसं तिने तांब्यातून पाणी आणलं. माय उंबऱ्याबाहेरच थांबली, आत येईना. तेव्हा मोठीमाय स्वतः खाली बसली आणि धाकट्या जावेच्या पायांवर पाणी घालून ते चोळायला लागली. काळीचा चिखल लवकर सुटत नाही. तिने पुन्हा तांब्या भरून आणला. हळूहळू चिखल गेला आणि खालून पाय दिसले. दिवसभर पाण्यात राहून ते भिजलेल्या कागदासारखे झाले होते, सुरकुतलेले, रंग उडालेले.

माय त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच, भांडण नसल्यासारखं, म्हणाली,

“पाहा बाई. पांढरेच हायेत.”

मोठीमायचा हात थांबला. इतक्या वर्षांत तो शब्द दोघींच्या मध्ये कोणी काढला नव्हता. “दिवसभर पान्यात उभी होती तू,” ती म्हणाली. “कोनाचेबी होतात.” आणि तिने मायचे पाय आपल्या पदरात घेतले आणि पुसायला लागली. ते कोरडे झाले तरी ती पुसतच राहिली. पण मायला ते ऐकू गेलं होतं असं मला वाटत नाही. ती अजून खालीच बघत होती.